मांदेली राहिली

माझ्या निकाहच्या दावतीत दमयंती सिस्टरांनी माझ्या सासऱ्यांना भरल्या जेवणावरून उठवलं होतं. सासरे दुबईत पंचवीस वर्षं काढून आलेले, मोहल्ल्यात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी बोटांची टोकं पाण्यात बुडवली, रुमालाला पुसली आणि थाळ्याकडे हात नेला. तेवढ्यात बायकांच्या बाजूने या तरातरा आल्या. "चाचा, हे हात धुणं झालं की पाण्याला सलाम?" सगळा मांडव हसला. सासरे निमूटपणे उठून नळाखाली उभे राहिले, आणि या शेजारी मनगटावरच्या घड्याळात बघत. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. अजूनही सासऱ्यांना काही दुखलंखुपलं की ते आधी मला विचारतात, "जैनू, ती बाई अजून तिथंच आहे का?" आहे म्हटलं की म्हणतात, "मग कोल्हापूरलाच जाऊ."

मी जैनुद्दीन सोलकर. रत्नागिरीतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतूंच्या खोलीत बसतो. रक्त, लघवी, थुंकी, जे येईल ते थाळीवर पसरायचं, उबेत ठेवायचं, आणि काय उगवलं ते डॉक्टरांना कळवायचं, हा माझा धंदा. घरचे म्हणतात मी तापट आहे. म्हणू देत. रोज सकाळी उपाशीपोटी चाळीस जणांची थुंकी बघून दाखवा, मग माझ्याशी बोला.

तर दमयंती सिस्टर. हॉस्पिटलात बरं व्हायला आलेल्या माणसाला हॉस्पिटलातलाच रोग चिकटू नये, हे बघणं हे त्यांचं काम. त्या कामाला कागदावर लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण आमच्याकडे सगळे त्यांना 'हातवाली सिस्टर' म्हणतात. माहेर पालीचं, भातशेतीचं. सासर भाट्याचं. नवरा एसटीत कंडक्टर होता. तो निवृत्त झाल्यावर म्हणाला होता, आयुष्यभर तिकिटं फाडून जेवढे हात मळले नाहीत तेवढे मी घरी येऊन धुतले. सिस्टरांची उंची पाच फुटाला दोन बोटं कमी, आणि आवाज तिसऱ्या मजल्यावरून पार्किंगमध्ये ऐकू येतो.

हात कसे धुवावेत याचा मोठा रंगीत तक्ता वरून आला होता, सगळा इंग्रजीत. कोणी ढुंकून बघेना. मग सिस्टरांनी स्वतःची युक्ती काढली. वीस सेकंद हात चोळायचे तर आकडे मोजून माणूस कंटाळतो, म्हणून त्यांनी मासे मोजायला लावले. तळव्यावर पापलेट, सुरमई. पाठीवर रावस, हलवा. बोटांच्या बेचक्यात बांगडा, तारली, सौंदाळा. अंगठ्याला कर्ली, बोंबील. आणि शेवटी नखांना मांदेली, कारण मांदेली बारीक आणि नखातली घाणही बारीक. आमच्या आयसीयूबाहेरच्या बेसिनपाशी तुम्ही कधी उभे राहिलात तर मिरकरवाड्याच्या जेटीवर लिलाव चाललाय असं वाटेल. पुण्याहून आलेला आमचा डॉक्टर ऋत्विक शाकाहारी. तो पहिल्या आठवड्यात म्हणाला, मी भाज्या म्हटल्या तर चालतील का? सिस्टर म्हणाल्या, "चालेल की. पण भाजी लवकर संपते, तुम्हाला दोनदा म्हणावी लागेल." आता तो बिचारा बोंबील-मांदेली म्हणतो आणि ओशाळवाणं हसतो.

सगळ्यात जास्त वेळा बेसिनवर परत कोण जायचं, तर गंगामावशी. गंगामावशी आयसीयूतली कामवाली. पेशंटचं अंग पुसणं, चादरी बदलणं, कूस वळवणं, सगळं तिच्याकडे. कामाला वाघ, पण नेहमी घाईत, आणि घाईत तिची मांदेली कायम राहायची. "गंगा, मांदेली राहिली!" सिस्टर दारातून ओरडायच्या. गंगामावशी जीभ चावून परत वळायची आणि पापलेटपासून सुरू करायची. दिवसातून चार वेळा तरी हा तमाशा. सहा वर्षं ती कंत्राटावर होती. नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला, त्यामुळे घर तिच्या एकटीच्या हातावर. येत्या एप्रिलपासून तिला कायम करायचं ठरलं होतं, आणि तिच्यासाठी वर्षभर सगळ्यांच्या मागे लागून भांडल्या होत्या त्या सिस्टरच.

अशा त्या आहेत. ओरडतील, आणि मग मायेने काहीतरी हातावर ठेवतील. यंदा थंडीत धुवून धुवून आयसीयूतल्या सगळ्यांच्या हातांना भेगा पडल्या. तेव्हा सिस्टरांनी पालीहून, माहेरच्या घरून, मुठेल आणलं. रातांब्याच्या बियांचं हे तेल गारठलं की खडूसारखं घट्ट होतं, मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून मुठेल. भेगांवर त्यासारखं औषध नाही. पण गोळा काही बोटाला लागत नाही. मग सिस्टरांनी तो वितळवला, त्यात खोबरेल आणि पाणी घातलं, हाताने फेटून फेटून लोण्यासारखं मऊ केलं, आणि झाकणाचा मोठा डबा भरून आयसीयूच्या चहाच्या खोलीत ठेवला. "लावा गो सगळ्यांनी. घरचंच आहे." येता-जाता प्रत्येक जण त्यात बोट घालायचा. आठवड्याभरात सगळ्यांचे हात कसे मऊ झाले, आणि सगळे सिस्टरांना दुवा देऊ लागले.

फेब्रुवारीत माझ्या खोलीतलं यंत्र बोंबललं. पेशंटच्या रक्ताच्या बाटल्या त्या यंत्रात ठेवतात. आत काही वाढलं की ते शिट्टी मारतं. बाटली होती लांज्याच्या एका शाळेतल्या बाईंची, दहा दिवसांपासून आयसीयूत. मी थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपमध्ये पाहिला आणि म्हटलं, या अल्ला. जंतू नव्हते, बुरशी होती. गोल दाणे, आणि दाण्याला फुटलेला बारका दाणा. आंबोळीचं पीठ फुगवते ना, तिची ही लांबची चुलतबहीण. पिठात असली तर आंबोळी होते, रक्तात गेली तर माणूस जातो.

एक झालं तर माणूस म्हणतो, झालं एखादं. सहा दिवसांनी दुसरी बाटली बोंबलली, काजूच्या कारखान्यातल्या एका मुकादमाची. आणि त्यानंतर चार दिवसांनी तिसरी, रावजींची.

रावजी पालीपुढच्या गावचे. आतडं फुटून ऑपरेशन झालेलं, तोंडाने अन्न बंद, मानेतल्या नळीतून पोषण चाललेलं. पण जिभेला हाड नाही. चाळीस वर्षं ते गावच्या पालखीचे खांदेकरी. शिमग्याला पालखी नाचवायची, आणि होळीपुढे उभं राहून जी बोंब मारायची ती त्यांनीच, असा गावचा रिवाज. आल्या दिवसापासून त्यांचा एकच घोशा. "डाक्टर, मना शिमग्याच्या आदी सोडा. बाकी काय करायचा ता करा." डॉक्टर सोडणारही होते. तेवढ्यात ताप भरला, बाटली बोंबलली, आणि मानेतली नळी बदलून बुरशीचं औषध सुरू झालं. किमान तीन आठवडे. शिमगा गेला. रावजी दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, आणि त्यांनी न बोलणं हे तापापेक्षा वाईट लक्षण आहे असं सगळ्या वॉर्डाला वाटलं.

मुंबईच्या मोठ्या लॅबने कळवलं, तिघांच्याही रक्तात एकाच जातीची बुरशी आहे, आणि ही जात बहुतेक वेळा माणसांच्या हातांवरून पसरते. म्हणजे तिघं ती आपल्या घरून घेऊन आले नव्हते. ती आमच्याकडची होती.

झालं. दमयंती सिस्टरांच्या अंगात आलं. त्यांनी एक जाडजूड रजिस्टर काढलं आणि आयसीयूतल्या एकूण एक वस्तूची यादी केली. नळ, नळाची जाळी, एसीची तोंडं, पंखे, फोनचे रिसीव्हर, औषधांची ट्रॉली, पडद्यांच्या कड्या, डॉक्टर ऋत्विकचं पेन. एकशे बारा वस्तू. प्रत्येक वस्तूला ओला कापूस फिरवायचा आणि माझ्याकडे पाठवायचा. माझ्या नाकी नऊ आले. थाळ्या ठेवायला जागा उरेना. मी म्हटलं, सिस्टर, गणपतीपुळ्याच्या समुद्राचं पाणी राहिलं, तेही पाठवा. त्या म्हणाल्या, "गरज पडली तर तेही पाठवीन. चष्मा पुसा आणि कामाला लागा."

एकशे बारा थाळ्यांत ती बुरशी नव्हती. एसीवर संशय घेणारा डॉक्टर ऋत्विक हिरमुसला.

मग हात. आयसीयूत पाऊल टाकणाऱ्या चौतीस जणांची दहा बोटं थाळीवर उमटवून घेतली. सोबत सिस्टर प्रत्येकाला प्रश्न विचारायच्या आणि रजिस्टरात लिहायच्या. अंगठी घालता का, नखं कधी कापलीत, घरी कोणाला नायटा आहे का, हाताला काय काय लावता. गंगामावशीची पाळी आली तेव्हा मी तिथेच थाळ्या मोजत उभा होतो. ती म्हणाली, "साबण, ता निला पानी, नि तुमचा मुठेल." सिस्टरांनी मान हलवली, लिहिलं आणि म्हणाल्या, पुढचा.

दोन दिवसांनी हातांच्या थाळ्या बोलल्या. दोन नर्सच्या थाळ्यांवर दोन-चार ठिपके. आणि गंगामावशीची दहाच्या दहा बोटं पांढऱ्या साईसारख्या बुरशीने भरलेली.

ही बातमी व्यवस्थापक हर्षद सरांकडे माझ्या आधी पोचली. हॉस्पिटलात भिंतींना कान असतात आणि त्या कानांना व्हॉट्सअ‍ॅप. हर्षद सर तसा वाईट माणूस नाही, पण कुठल्याही संकटाचं उत्तर एका पानावर मावलं पाहिजे असं त्याला वाटतं. गुरुवारी संध्याकाळी त्याने ते पान काढलं. कारण सापडलं, सफाई कर्मचाऱ्याचे हात. उपाय, सोमवारी सकाळी दहा वाजता कर्मचाऱ्याचा पास परत घेणे. खाली सही.

"हात तिचे आहेत हो," सिस्टर म्हणाल्या, "पण तिच्या हातावर आली कुठून?"

"त्याने आता काय फरक पडतो?"

"पडतो! ती गेली आणि ते कारण इथेच राहिलं, तर पुढच्या महिन्यात चौथा पेशंट आणि दुसरी मावशी."

हर्षद सर म्हणाला, सोमवारपर्यंत शोधा. नाही सापडलं तर मी थांबणार नाही. गंगामावशी बाहेर भिंतीला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही, फक्त आपले हात पदराखाली घेऊन उभी राहिली. मला त्या हर्षदच्या पानाचा बोळा करून त्याच्या चहात टाकावासा वाटला.

शुक्रवारी सिस्टर वेड्यासारख्या फिरत होत्या. साबणाच्या बाटल्या, धुण्याची पावडर, पोछ्याची बादली, गंगामावशीच्या घरची विहीर. संध्याकाळी पाच वाजता, मी निघण्याच्या बेतात, त्या आणखी तीस कापूस घेऊन माझ्या खोलीत हजर. माझं डोकं फिरलं. म्हटलं, बघा माझे हात, तुमच्या थाळ्या धरून धरून यांची पण चाळण झाली. सिस्टरांनी पाहिलं आणि लगेच विरघळल्या. वर जाऊन आल्या आणि कागदाच्या तुकड्यावर सुपारीएवढं मुठेल माझ्यासमोर ठेवलं. "लावा, जैनुभाय. घरचंच आहे."

माझ्यात एक खोड आहे. रागात असलो की हाताला येईल ते मी थाळीवर लावतो. एकदा कँटीनचा वडा लावला होता, एकदा हर्षद सरचा टाय. तो टाय फार उगवला, पण ते जाऊ दे. त्या दिवशी मी ते मुठेल हाताला लावायच्या ऐवजी थाळीला लावलं, वर फणकाऱ्याने पेनने लिहिलं 'घरचं', आणि उबेत ठेवून घरी गेलो.

रविवारी दुपारी, बायकोने बिर्याणी दमाला लावलेली असताना, मी चरफडत लॅबला आलो, कारण तीस थाळ्या बघायला दुसरं कोण होतं? तीसही कोऱ्या. मग ती एकतिसावी उचलली. अक्षर माझंच. 'घरचं'. आणि त्याखाली पांढरी साय, गंगामावशीच्या बोटांवर होती तशीच. मायक्रोस्कोपखाली घातली. गोल दाणा, त्याला बारका दाणा.

मी खुर्चीत बसलो. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पाप आलं. हे आम्हा दोघांनाच माहीत, मला आणि या थाळीला. थाळी धुतली की संपलं. एकोणतीस वर्षांची नोकरी, सगळ्या गावाला हात धुवायला लावणारी बाई, आणि तिच्याच डब्यातून हे निघावं? पण थाळी धुतली तर उद्या दहा वाजता गंगामावशी पास ठेवून जाणार. मी दोनदा नळ सोडला आणि दोनदा बंद केला. तिसऱ्यांदा फोन लावला.

भाट्याहून सिस्टर अर्ध्या तासात आल्या. मी नुसती थाळी पुढे केली. त्यांनी अक्षर वाचलं, स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ उचललाच नाही.

"डबा आणते. परत लावा," त्या म्हणाल्या.

"लावतो. पण उत्तर तेच येणार, सिस्टर. त्यात तुम्ही पाणी घातलंत, आणि महिनाभर चौतीस जणांची बोटं गेली."

त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि गंगामावशीचं पान उघडलं. हाताला काय लावता, या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'साबण, सॅनिटायझर'.

"तिने तीन गोष्टी सांगितल्या होत्या, जैनुभाय. मी दोनच लिहिल्या."

"मी पण तिथेच होतो. मलाही ऐकू गेलं होतं," मी म्हटलं.

"मला लिहावंसंच वाटलं नाही हो. घरचं होतं ना ते. एकशे बारा वस्तू मोजल्या, चहाच्या खोलीतलं झुरळसुद्धा सोडलं नाही, आणि डबा तिथल्याच टेबलावर होता." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. पण मला तेव्हा म्हण सुचली नाही, कारण दमयंती सिस्टर रडत होत्या. एकोणीस वर्षांत मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. मी त्यांना चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. मग मी सहज यादी चाळली आणि विचारलं, चौतीस जणांचे हात घेतलेत, तुमचे कुठे आहेत? यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि दहा बोटं थाळीवर टेकवली.

सोमवारी दहा वाजता हर्षद सरच्या केबिनमध्ये डॉक्टर ऋत्विक, मी आणि दारात पास हातात धरून गंगामावशी. सिस्टर आल्या आणि त्यांनी टेबलावर मुठेलाचा डबा ठेवला, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला. शेजारी माझी थाळी.

"हा डबा कोणाचा?" हर्षद सर.

"माझा. बुरशी यातून गेली. गंगाच्या हातावर सगळ्यात जास्त, कारण तिचे हात सगळ्यात जास्त फुटलेले आणि ती सगळ्यात जास्त लावायची. लावा म्हणून मीच सांगितलं होतं."

हर्षद सरने थाळीकडे पाहिलं, मग दार लोटलं, पण गंगामावशी आतच होती. तो हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, हे बाहेर जायला नको. तुमचं नाव, हॉस्पिटलचं नाव. डबा फेकून देऊ. कागदावर जे आहे ते राहू दे."

"कागदावर गंगा आहे."

"हो, म्हणजे ते ठरलंच आहे ना."

"चोर सोडून संन्याशाला सुळी? आणि चोर इथे तुमच्यासमोर बसलीय!" तो आवाज पार्किंगमध्ये गेला असणार. "तिला विचारलं तेव्हा ती खरं बोलली. मी खरं लिहिलं नाही. आता लिहिते." त्यांनी हर्षद सरचंच पेन घेतलं, रजिस्टरात गंगामावशीच्या पानावर तिसरी गोष्ट लिहिली, आणि खाली कारणाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. त्या बिचाऱ्या कंडक्टरचाही उगाच उद्धार झाला.

गंगामावशी पुढे आली. "सिस्टर, कशाला गो? मी दुसरीकडं बगलं असतं काम."

"तू गप्प बस. आणि तो पास गळ्यात घाल."

डॉक्टर ऋत्विक हा पहिल्यांदाच रत्नागिरीकरासारखा वागला. तो म्हणाला, मावशींचे हात बरे होईपर्यंत त्यांना स्टोअरमध्ये ठेवू, पण त्या गेल्या तर मीही पुण्याला जातो. डॉक्टर मिळायची मारामार असल्यामुळे हर्षद सरचं पान तिथेच फाटलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. डबा, गंगामावशीचे हात आणि सिस्टरांची बोटं, तिन्हीकडची बुरशी तीच निघाली, रक्तातली. फेटताना सिस्टरांच्या नखातून ती मुठेलात गेली, का आधी दुसऱ्या कोणाच्या बोटातून, हे आता अल्लालाच ठाऊक. सिस्टर मात्र सांगतात, माझ्याच नखातून. त्यांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी बेसिनच्या वर, त्या इंग्रजी तक्त्याशेजारी, चिकटवली आहे, आणि नवीन नर्स आली की आधी ती वाचायला लावतात. चहाच्या खोलीतून सगळे डबे हद्दपार झाले, आता ज्याची त्याची मलमाची ट्यूब ज्याच्या त्याच्या खिशात. तेव्हापासून माझं यंत्र बुरशीसाठी बोंबललेलं नाही. लांज्याच्या बाई शाळेत गेल्या, मुकादम घरी गेले.

रावजी मात्र अजून होते. शिमगा होऊन आठ दिवस झाले होते. सिस्टर म्हणाल्या, त्यांना मीच सांगणार. मी सोबत गेलो, कारण रावजींची जीभ मला माहीत होती. सिस्टरांनी पलंगाशी उभं राहून डबा, मुठेल, बोटं, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "तुमचा शिमगा माझ्यामुळे गेला, रावजीकाका. मला काय बोलायचं ते बोला."

रावजी छताकडे बघत राहिले. "पालकी आंगनात येऊन गेली," ते म्हणाले. "चालीस वर्सांत पैल्यांदा माज्या खांद्याबिगर. नि मी हितं नलीला बांदलेला."

सिस्टर मान खाली घालून उभ्या. मला वाटलं आता हा म्हातारा रडणार. पण रावजी उशीला टेकून हळूहळू उठले, श्वास भरून घेतला, पालथी मूठ तोंडावर नेली आणि आयसीयूत जी बोंब मारली ती! आणि तिच्यामागून सिस्टरांच्या नावाने अशी एक सणसणीत शिमग्याची शिवी की ती मी इथे लिहिली तर माझी बायको मला घरात घेणार नाही. सगळी मशीनं एकदम ओरडायला लागली. दोन नर्स धावत आल्या. डॉक्टर ऋत्विकच्या हातातून फाईल पडली.

रावजी उशीवर परत टेकले, घामाघूम, आणि दात नसलेलं तोंड भरून हसले. "झाला. माजा शिमगा झाला. आता राग नाय. शिमग्याची शिवी मनात ठेवायची नसते, बाय. जा, कामाला जा."

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि दोन्ही एकदम लपवायच्या नादात बेसिनपाशी गेल्या. नळ सोडला, भराभरा हात चोळले, नळ बंद केला आणि पदराकडे हात नेला.

बरे झालेले हात घेऊन गंगामावशी त्याच दिवशी आयसीयूत परत आली होती. चादरींचा गठ्ठा काखेत धरून ती दारात उभी होती.

"सिस्टर," ती म्हणाली, "मांदेली राहिली."

सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी परत नळ सोडला आणि पापलेटपासून सुरुवात केली.